जर्नलवरची सही आणि जुनी गाडी

मित्रांनो, सबमिशनचा आठवडा आठवा. रात्रीचे अडीच वाजलेले असतात आणि हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये जर्नलं या रूममधून त्या रूममध्ये फिरत असतात. एकाने केलेलं प्रॅक्टिकल बाराजणांच्या जर्नलमध्ये उतरतं. रीडिंगमधला शेवटचा आकडा तेवढा बदलायचा, कारण सगळ्यांचं सारखं आलं तर सर ओळखतात! दुसऱ्या दिवशी लॅबबाहेर रांग लावायची. पहिल्या पानावर 'सदर विद्यार्थ्याने सर्व प्रयोग समाधानकारकरीत्या पूर्ण केले आहेत' असं छापलेलं असतं, त्याच्या खाली सही मिळाली की संपलं. जर्नल सर्टिफाइड! आता त्या सहीवरून आपल्याला हीट ट्रान्सफर किती कळलं, हे कुणाला समजतं का? असो.

हे सगळं मला आठवलं ते एका मोटारीच्या शोरूममध्ये, गेल्या दिवाळीच्या सुट्टीत.

झालं असं, की जूनपासून आमच्या आजीचं डायलिसिस सुरू झालं. आम्ही तासगावचे. आठवड्यातून दोनदा मिरजेला जावं लागतं. जाताना एसटीने जाता येतं हो, पण डायलिसिस करून येताना माणूस पार गळून गेलेलं असतं. त्यात स्टँडवर उभं राहायचं, गर्दीत चढायचं, हे सत्तरीच्या बाईला जमणार कसं? म्हणून भाड्याची गाडी सुरू झाली. चार महिन्यांत बाबांनी हिशोब मांडला आणि ते म्हणाले, "एवढ्यात गाडीचा हप्ता बसेल." बाबा हायस्कूलमध्ये क्लार्क आहेत. नवी गाडी झेपणारी नव्हती. म्हणून जुनी बघायची ठरली. बजेट चार लाख, त्यातले दीड लाख पी.एफ.मधून काढलेले.

दोन गाड्या समोर होत्या. एक धाकट्या काकांच्या ओळखीतली, २०१७ चं मॉडेल, किंमत साडेतीन लाख. दुसरी एका कंपनीच्या स्वतःच्या 'मान्यताप्राप्त' जुन्या गाड्यांच्या शोरूममधली, २०१८ ची, ४६ हजार किलोमीटर चाललेली, किंमत ४ लाख ५ हजार. तिच्यासोबत तपासणीचं सर्टिफिकेट, एक वर्षाची वॉरंटी आणि तीन फ्री सर्व्हिसिंग. फरक ५५ हजारांचा.

काका म्हणाले, "ओळखीची सोडून दुकानातली घेणार? कागदाच्या तुकड्याचे ५५ हजार?" बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, "तू मेकॅनिकलला आहेस ना? तू सांग."

झाली पंचाईत! घरच्यांना वाटतं, मेकॅनिकलचा पोरगा म्हणजे बॉनेट उघडताच सगळं सांगणार. आम्हाला ऑटो सायकलचा पी-व्ही डायग्राम डोळे मिटून काढता येतो, पण प्रत्यक्षात डिपस्टिक कुठली हे शोधायला दोन मिनिटं लागतात. शेवटी मी आपल्या वर्कशॉपमधल्या मामांना फोन लावला. (मामा, लेख वाचलात तर आभार मानतो. नाव लिहू नको म्हणालात म्हणून लिहिलं नाही.) त्यांनी अर्धा तास फोनवर जे सांगितलं, ते मला तीन वर्षांत कुठल्याच विषयात मिळालं नव्हतं.

पण आधी या योजनांबद्दल थोडं. आपल्याकडे मारुतीने 'ट्रू व्हॅल्यू' २००१ मध्ये सुरू केली. पुढे ह्युंदाईची 'एच प्रॉमिस', टोयोटाची 'यू ट्रस्ट' अशा बऱ्याच आल्या. पद्धत साधारण एकच. कंपनीचा डीलर जुनी गाडी विकत घेतो, छापील यादीनुसार तपासतो, दुरुस्त करतो आणि आपलं नाव लावून विकतो. यादीतल्या मुद्द्यांची संख्या जाहिरातीत ठळक छापलेली असते. ट्रू व्हॅल्यूची ३७६ आहे.

याची गरज का पडली? अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक शोधनिबंध लिहिला. तिकडे खराब निघालेल्या गाडीला बोलीभाषेत 'लेमन', म्हणजे लिंबू म्हणतात. त्यांचं म्हणणं साधं आहे. समजा चांगल्या गाडीची खरी किंमत चार लाख आणि खराबची दोन लाख. विकणाऱ्याला आपली कुठली ते माहीत आहे, घेणाऱ्याला नाही. मग घेणारा धोका धरून तीनच लाख देणार. तीन लाखांत चांगल्या गाडीचा मालक कशाला विकेल? तो बाजारातून उठून जातो. उरतात लिंबं! चांगला माल वाईट मालामुळे बाजाराबाहेर जातो, आणि कारण एकच, एका बाजूला माहिती आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही. यावर उपाय म्हणून वॉरंटी आणि कंपनीचं नाव या गोष्टींचा उल्लेखही त्यांनी केला होता. गंमत म्हणजे हा निबंध छापून येण्याआधी तीन नियतकालिकांनी नाकारला होता आणि २००१ मध्ये अकरलॉफना याच कामासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तेव्हा ए.टी.के.टी.वाल्यांनी निराश होऊ नये.

म्हणजे आम्ही जे ५५ हजार जास्त मोजणार होतो, ते पत्र्याचे नव्हते, माहितीचे होते. मग प्रश्न असा, की त्या पैशांत माहिती खरंच मिळते का?

शोरूममध्ये गेलो. गाडी चकचकीत, आत अत्तराचा वास. एक्झिक्युटिव्ह तरुण होता, गोड बोलणारा. मी मोबाईलचा टॉर्च लावून टायरकडे वाकलो, तर म्हणाला, "दादा, सर्टिफाइड आहे, बघायची गरजच नाही." त्याने यादी हातात दिली. चार पानं आणि प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. टायर, बरोबर. ब्रेक, बरोबर. क्लच, बरोबर. बॉडी, बरोबर. खाली सही आणि शिक्का. मला तर जर्नलचं पहिलं पानच दिसायला लागलं!

बाबांच्या मनात एकच धास्ती होती, पुराची. गाडी एमएच १० पासिंगची आणि २०१८ ची, म्हणजे ऑगस्ट २०१९ चा सांगलीचा पूर आणि जुलै २०२१ चा पूर, दोन्ही तिने पाहिलेले. पाण्यात बसलेली गाडी धुऊन-पुसून सुरू होते, पण वायरिंगचे कनेक्टर आतून गंजत राहतात आणि मग महिन्यांनी कुठेतरी मध्येच दगा देतात. मामांनी सांगितल्याप्रमाणे सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला. वरचा भाग सगळे धुतात, गुंडाळलेला भाग कुणी धुवत नाही. गाळाचा डाग नव्हता. सीटखालचे रूळ बघितले, मॅट उचलून हात फिरवला. कोरडं. बाबांचा चेहरा जरा सैल झाला.

मग काचा. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत उत्पादनाची खूण असते. सगळ्या काचा २०१८ च्या होत्या, डाव्या पुढच्या दाराची मात्र २०२१ ची निघाली. मी विचारलं. एक्झिक्युटिव्ह म्हणाला, "नॉन-अॅक्सिडेंटल गाडी आहे दादा, लिहूनच दिलंय." मी परत विचारलं. तो आत जाऊन मॅनेजरना घेऊन आला.

मॅनेजर वयाने मोठे, शांत गृहस्थ. त्यांनी समजावून सांगितलं, की त्यांच्या व्याख्येप्रमाणे अॅक्सिडेंटल म्हणजे चासीला किंवा पिलरला मार बसलेली गाडी. दार-फेंडर बदललं तर ते बॉडीवर्क, अॅक्सिडेंट नाही. मग त्यांनी ड्रॉवरमधून रंगाची जाडी मोजायचं मीटर काढलं. कारखान्यातून आलेल्या रंगाची जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन असते. छतावर रीडिंग आलं ११८, डाव्या दारावर २६४. संगणकावरून सर्व्हिसिंगचा इतिहासही छापून दिला. २०२१ साली ३१ हजार किलोमीटरला डावं दार आणि फेंडर बदललेलं, विम्याचा क्लेम झालेला. बाकी दर सर्व्हिसिंगला किलोमीटर व्यवस्थित चढत गेलेले, म्हणजे मीटर मागे फिरवलेलं नाही. पुरानंतरचं कुठलंही मोठं काम नाही.

बाबांनी विचारलं, "मग हे आधीच का नाही सांगितलं?"

मॅनेजर म्हणाले, "काका, तुम्ही विचारलं नव्हतं."

या वाक्यावर मी नंतर खूप विचार केला. माणूस खोटं बोलला नव्हता. मीटर ड्रॉवरमध्ये होतं, इतिहास संगणकात होता, आकडे मोजलेले होते. फक्त आम्हाला दिलेल्या कागदावर त्या आकड्यांच्या जागी बरोबरची खूण होती. आपण जर्नलमध्ये ऑब्झर्व्हेशन टेबल रिकामं ठेवून खाली नुसतं 'प्रयोग यशस्वी' असं लिहिलं, तर सर जर्नल भिरकावून देतील. इथे मात्र चार लाखांच्या वस्तूला टेबलच नाही, थेट निष्कर्ष! आणि तपासणारा कोण, तर विकणाराच. म्हणजे इंटर्नलचे मार्क. इंटर्नलचे मार्क खोटे असतात असं मी म्हणत नाही (स्टाफने गैरसमज करून घेऊ नये), पण एक्स्टर्नल येतो तो काहीतरी कारणाने येतो ना?

तरीही आम्ही गाडी तिथूनच घेतली. दाराच्या मुद्द्यावर दहा हजार कमी झाले, ३ लाख ९५ हजारांना सौदा झाला. का घेतली, ते सांगतो.

काकांच्या ओळखीतल्या गाडीचं आर.सी. मागितलं तेव्हा कळलं, की ते त्या गृहस्थांच्या नावावरच नव्हतं. त्यांनी तीन वर्षांपूर्वी गाडी घेतली आणि पहिल्या मालकाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या घेऊन कागद कपाटात ठेवून दिले. त्यावर एका बँकेचा बोजाही अजून तसाच. माणूस वाईट नाही, अशा गाड्या गावोगावी फिरतात. पण मोटार वाहन कायदा आर.सी. कुणाच्या नावावर आहे ते बघतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात स्पष्ट सांगितलं, की गाडी कितीही हातांतून गेली असली तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच मालक धरला जाईल. हॉस्टेलवर ज्यांनी सिनियरकडून बाईक घेतली आहे आणि 'नाव नंतर करू' म्हणून ठेवलंय, त्यांनी आणि त्यांच्या सिनियरनेही हे वाक्य दोनदा वाचावं.

शोरूमने हे काम चोख केलं. नाव बदलणं, विमा बाबांच्या नावावर करणं, सगळं महिन्याच्या आत झालं. विम्याबद्दल एक गोष्ट तिथेच समजली. नो क्लेम बोनस हा मालकाचा असतो, गाडीचा नसतो. जुन्या मालकाची सवलत आपल्याला मिळत नाही, त्यामुळे जाहिरातीत दाखवलेला प्रीमियम आणि आपला प्रीमियम वेगळा येतो. शिवाय ५५ हजारांतला थोडा भाग कराचाही असतो. जीएसटी परिषदेने डिसेंबर २०२४ मध्ये जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांसाठी सरसकट १८ टक्के दर ठरवला. हा कर गाडीच्या पूर्ण किमतीवर नाही, व्यापाऱ्याच्या खरेदी-विक्रीतल्या फरकावर लागतो. दोन व्यक्तींनी आपापसात व्यवहार केला तर तो लागत नाही.

आता माझी चूक. ती लिहिली नाही तर हा लेख म्हणजे दुसऱ्याचं जर्नल छापल्यासारखं होईल.

फेब्रुवारीत, म्हणजे गाडी घेऊन चार महिनेही झाले नव्हते तेव्हा, बाबा आजीला घेऊन मिरजेला निघाले होते आणि वाटेत गाडीने ओढ सोडली. अॅक्सिलरेटर दिला की इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी हलेना. क्लच गेला होता. आजी तासभर रस्त्याच्या कडेला गाडीत बसून होती. शेवटी ओळखीचा एक द्राक्षवाला टेम्पो घेऊन चालला होता, त्याने पुढे बसवून दवाखान्यात सोडलं. दोन तास उशीर झाला. डायलिसिसची पाळी कशीबशी मिळाली. मी इकडे हॉस्टेलवर फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होतो.

वॉरंटी होती ना? होती. पण ती मुख्यतः इंजिन आणि गिअरबॉक्सची. क्लच, ब्रेक पॅड, बॅटरी, टायर हे झिजणारे भाग, ते वॉरंटीत बसत नाहीत. पुस्तकात सातव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं. ते पान मी गाडी बंद पडल्यावर वाचलं, म्हणजे पेपर झाल्यावर सिलॅबस बघितला! बिल नऊ हजारांच्या आसपास आलं. मामांनी फोनवर सांगितलंही होतं, की चढावर तिसऱ्या गिअरमध्ये जोर दे. इंजिनचे फेरे वाढले आणि वेग वाढला नाही तर क्लच घसरतोय समज. पण शोरूमवाल्यांनी सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून आणली आणि मी भिडेखातर 'जरा चढावर नेऊ का?' असं विचारलं नाही. यादीत क्लचपुढे बरोबरची खूण होती. मीही शेवटी तिच्यावर विसंबलो.

म्हणून माझं मत असं. ज्याच्या घरात विश्वासाचा मेकॅनिक आहे, त्याने खुशाल बाहेरची गाडी घ्यावी, कागद तेवढे आधी बघावेत. पण बहुतेक घरांत असा माणूस नसतो. आमच्यासारख्या घरासाठी कंपनीच्या योजनेतली गाडी घेणं शहाणपणाचंच आहे, आजही मी तेच सांगेन. कारण तिथे तक्रार घेऊन जायला दार आहे, सर्व्हिसिंगचा इतिहास आहे आणि नाव तुमच्यावर होतं. मात्र सर्टिफिकेट म्हणजे तपासणी झाली असं समजून निवांत होऊ नये. तिथून तुमची तपासणी सुरू होते.

आणि ती करताना एकच गोष्ट मागायची. टिक नको, रीडिंग द्या. टायरपुढे खूण नको, खाचेची खोली किती मिलिमीटर ते लिहा. १.६ मिलिमीटरला टायर बाद धरतात, मग ४ आहे का २, हे आम्हाला कळू दे. टायरवरच्या चार आकड्यांतून कितव्या वर्षाच्या कितव्या आठवड्यातला टायर आहे तेही कळतं, ते लिहा. ब्रेक पॅडची जाडी लिहा. रंगाचे मायक्रॉन प्रत्येक पॅनलप्रमाणे लिहा. 'नॉन-अॅक्सिडेंटल' या शब्दाची तुमची व्याख्या त्याच पानावर छापा. सर्व्हिसिंगचा इतिहास न मागता जोडा. आणि वॉरंटीत काय बसत नाही, ते सातव्या पानावर नको, पहिल्या पानावर पाहिजे. यातलं काहीही नव्याने मोजायचं नाही. आकडे त्यांच्याकडे असतातच.

मित्रांनो, हे मी कंपन्यांना सुनावतोय खरं, पण दोन-चार वर्षांत त्या यादीवर सही करणारे कोण असणार आहेत? आपणच. कुणी सर्व्हिस सेंटरमध्ये असेल, कुणी क्वालिटी डिपार्टमेंटला, कुणी सर्व्हेअर. दिवसाला वीस गाड्या, वर टार्गेट, आणि हातात खुणा करायची यादी. त्या वेळी क्लच खरंच तपासायचा की मागच्या गाडीची यादी बघून खूण करायची, याचा सराव आपण आत्ताच करतोय, रात्री अडीच वाजता, कॉरिडॉरमध्ये. आणि त्या खुणेच्या भरवशावर कुणाची तरी आजी मिरजेला निघालेली असते.

या सेमिस्टरला हीट ट्रान्सफरचे सगळे प्रयोग मी स्वतः केले. रीडिंग कुणाचं उतरवलं नाही. पिन-फिनच्या प्रयोगात उत्तर थिअरीपेक्षा २२ टक्क्यांनी चुकलं. सरांनी विचारलं, "एवढी एरर कशी?" म्हटलं, "सर, डक्टचा पंखा मध्येच बंद पडत होता आणि एक थर्मोकपल सैल आहे." सरांनी जाऊन बघितलं. खरंच सैल होतं. मग जर्नलवर सही केली.